गावाकडची ओळखीची

१४ जानेवारी, मंगळवार

आज ऑफिसात आपाला ओळखीची म्हणलो. सख्ख्या बहिणीला.

झालं असं. मी कामाला हाय त्या मस्कतच्या इंडियन शाळेच्या बोर्डावर गणिताच्या बाई पाहिजेत म्हणून कागद लागलता. मी फोटो काढून आपाला धाडला. आपा बी.एस्सी. बी.एड. हाय, तेलगावला खाजगी शाळेत शिकवते. तिनं सगळी सर्टिफिकेटं मोबाईलवर धाडली. मी बाहेरच्या दुकानातून प्रिंट काढून आणल्या, फोल्डरमध्ये घातल्या. लई हौसेनं. सकाळपासून ते फोल्डर शर्टाच्या आत धरून हिंडत होतो, घाम लागू नये म्हणून मधी पेपर घातलता.

सुपरवायझर मॅडमच्या केबिनचा एसी टपकत होता. तो साफ करायला गेलो, तवाच म्हणलं देऊन टाकावं. एका हातात घाण पाण्याची बादली, पँट गुडघ्यापर्यंत वर. दुसऱ्या हातानं फोल्डर पुढं केलं. मॅडमनी एकेक पान उलटलं. फर्स्ट क्लास, फर्स्ट क्लास, फर्स्ट क्लास. आपाच्या फोटोवर थांबल्या. मग माझ्याकडं बघितलं, खालून वर. “कौन लगती है तुम्हारी?”

माझ्या तोंडातून निघालं — गावाकडची हाय. ओळखीची.

“अच्छा,” म्हणल्या, आणि फोल्डर ड्रॉवरमध्ये ठेवलं. मी बादली उचलून बाहेर आलो. पाणी टाकलं तरी तिथंच उभा होतो.

१५ जानेवारी

तिच्या चांगल्यासाठीच बोललो. बस धुणाऱ्याची बहीण हाय म्हणल्यावर कोण बोलावणार?

पण हे मागून सुचलं. आधी तोंडातून निघालं, कारण मग सापडलं.

आडनाव दोघांचं एकच हाय. पण शेख काय, ढिगानं असतात.

१७ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. घरी व्हिडीओ कॉल लावला. अब्बा तेलगाव फाट्यावर दुकानातच होते, मोटारीची कॉईल भरत होते. तांब्याची तार बोटाला गुंडाळलेली. मागं अर्जुनराव खुर्चीवर बसलेले. त्यांच्या विहिरीची मोटार जळली की ते मोटार होईपर्यंत तिथंच बसतात, चहा पितात आणि सगळ्या गावाला सल्ले देतात.

“दिले का रे कागद?” आपानं विचारलं. ती घरून जोडली गेलती.

“दिले.”

“काय म्हणल्या?”

“मार्क बघून खुश झाल्या.”

“आणि तू काय म्हणलास?”

“काय म्हणणार. घ्या म्हणलो.”

ती हसली. माझ्याकडं बघून हसली की मी लहान होतो तवा हसायची तशीच हसते. आठवीत नापास होऊन मी शाळा सोडली. अब्बांनी दुकानात बसवलं, तिथं पण टिकलो न्हाई. मग गॅरेज, मग मोसंबीची गाडी, मग पुणे, तिथून हिथं मस्कतला. कुठंच बूड टेकत न्हाई माझं. पण त्या सगळ्यात आपा मला रोज एक पान लिहायला लावायची. काय पण लिही म्हणायची, दिवसभर काय केलं ते लिही. चुका लाल पेननं न्हाई काढायची, पेन्सिलनं काढायची, म्हणजे मला खोडता यावं. आज हे लिहितोय ते तिच्यामुळंच लिहिता येतंय. आणि काय लिहितोय!

अर्जुनराव मागून ओरडले, “जमीलभाई, पोरगी पाठवा. भाऊ हाय ना तिथं. मग कशाची भीती?”

अब्बा म्हणले, “त्येच तर. तौसीफ हाय म्हणून विचार तरी करतोय.”

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडावंदन. खुर्च्या लावल्या, माईकची वायर ओढली, फुलं खांबाला बांधली. सगळ्या बाई कडक साड्या नेसून लाईनीत उभ्या. मला उगाच दिसायला लागलं, आपा कुठं उभी राहील. तिसरी का चौथी. तिची ती निळी काठाची साडी.

एका बाईंनी मला चुटकी वाजवून बोलावलं. पाण्याची बाटली पाहिजे होती. मी दिली. आपा शेजारी उभी असती तर? तिनं बघितलं असतं का दुसरीकडं बघितलं असतं?

ती दुसरीकडं बघणारी न्हाई. ती तिथंच त्या बाईला काहीतरी बोलली असती. त्याचीच तर भीती वाटते.

२ फेब्रुवारी, रविवार

आपाचा मोबाईलवर इंटरव्ह्यू झाला. आमच्या घरी रेंज जाते-येते, म्हणून ती अर्जुनरावांच्या बंगल्यावर गेलती. अम्मी बाहेर व्हरांड्यात तसबीहची माळ घेऊन बसली. अर्जुनरावांनी म्हणे कुत्रं सुद्धा बांधून ठेवलं, भुंकू नये म्हणून.

संध्याकाळी फोन केला. “कसा झाला?”

“ठीक झाला.”

“काय काय विचारलं?”

“गणितच विचारलं. आणि थोडं घरचं.” मग म्हणली, “तौसीफ, तू तिथं बरा आहेस ना? खरं सांग.”

“बरा हाय की. कावून?”

“असंच.”

४ फेब्रुवारी

मॅडम आज मला “तौसीफ” म्हणल्या. आजपर्यंत “भय्या” म्हणायच्या. माझं नाव त्यांना कुठून माहीत? छातीवर बिल्ला हाय, वाचलं असंल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आपाला नोकरी लागली.

कंपनीची न्हाई, ठेकेदाराची न्हाई. शाळेची. राहायला खोली, शाळेच्याच बाईंसोबत. एप्रिलमधी रुजू व्हायचं. उत्तर लवकर कळवायचं.

घरी मोबाईल मधोमध ठेवून सगळे बसले होते. मी हिथून ऐकत होतो. कोण काय बोललं ते सगळं एकात एक —

अब्बा : “इथं ती शाळा पगार कधी देते कधी देत न्हाई. शिकून काय केलं पोरीनं?”

अम्मी : “लोक काय म्हणतील? पोरगी परदेशात एकली.”

अब्बा : “एकली कशी? तौसीफ हाय. त्याच शाळेत हाय. रोज डोळ्यासमोर राहतील एकमेकाच्या.”

अर्जुनराव तिथं पण होते. “भाऊ शाळेत म्हणल्यावर मास्तरणीला कोण वाकडं बघतंय?”

रोज डोळ्यासमोर. ती पहिल्याच दिवशी शाळेच्या दारात मला बघून हाक मारंल, तौसीफ! सगळ्यांसमोर. मग मॅडम म्हणतील, ही तर ओळखीची होती ना?

शेवटी आपा म्हणली, “तौसीफला काय वाटतं ते विचारा.”

मी म्हणलो, “तुमी मोठी माणसं ठरवा.”

मग अम्मी म्हणली, “इस्तिखारा करू. आणि तो तौसीफच करंल. तो तिथं हाय, त्याला तिथलं दिसंल.”

८ फेब्रुवारी

रूमवर मराठी येणारा एकटा बंकट. धर्मापुरीचा, शाळेची बस चालवतो. त्याला सांगितलं तर म्हणला, “हे इस्तिखारा काय असतं बे?”

“झोपायच्या आधी नमाज पढायची, दुआ मागायची, कोणाशी न बोलता झोपायचं. सपनात हिरवं-पांढरं दिसलं तर काम करायचं. काळं-लाल दिसलं तर सोडून द्यायचं. अम्मी तसंच मानते.”

“म्हणजे देवाला कौल लावतात तसं.”

“तसंच समज.”

“आणि काहीच न्हाई दिसलं तर?”

“तर परत करायचा.”

बंकट पायाची नखं काढत होता. म्हणला, “तुला हिरवंच दिसंल बे. बहीण बाई होऊन येणार. माझ्या बसमधी पुढच्या सीटवर बसंल. तू मागून बस झाडायचा. आल्यावर सॅलूट मारायचा का ‘गुड मॉर्निंग टीचर’ म्हणायचं, आत्ताच शिकून घे.”

तो हसला, मी पण हसलो. मग बाथरूममधी गेलो आणि नळ सोडून बसलो.

९ फेब्रुवारी, रविवार

कसं लिहू.

मी नमाज पढलोच न्हाई. हातपाय धुऊन वजू केला, नमाजची जानमाज अंथरली, उभा पण राहिलो. मग वाटलं, हिरवं दिसलं तर? खाली बसलो. जानमाजेवर बसूनच मोबाईल बघत राहिलो, तसाच कधी झोपलो कळलं न्हाई. सपनबिपन काही पडलं न्हाई. मला सपनं पडतच न्हाईत, लहानपणापासून.

सकाळी बस धुताना अम्मीचा फोन. एवढा हळू आवाज, मशिदीत बोलल्यासारखा. “काय दिसलं बेटा?”

बादलीत बस धुतलेलं काळं पाणी होतं. मी त्याच्याकडंच बघत होतो.

“काळं पाणी दिसलं, अम्मी.”

“या अल्लाह. लई होतं?”

“लई.”

“आपा होती त्याच्यात?”

“न्हाई. नुसतं पाणी.”

अम्मी रडली न्हाई. म्हणली, “बरं झालं बेटा, वेळेवर दिसलं.” आणि मला दुआ दिली. मला. फोन खिशात घातला आणि तेच पाणी बसच्या चाकावर फेकलं. बस धुतली. दुसरी पण धुतली. ती माझ्या वाट्याची नव्हती, बंकटची होती.

१० फेब्रुवारी

आपानं शाळेला नाही म्हणून कळवलं. स्वतःच कळवलं. अब्बांना लिहायला नको वाटत होतं म्हणे.

मला मेसेज आला, “कळवलं.” एवढंच. पुढं काही न्हाई. मी अंगठा पाठवला. अंगठा! बहिणीची नोकरी गेली आणि मी अंगठा पाठवला.

१६ फेब्रुवारी

कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिकडं उलटंच चाललंय.

अम्मीनं सगळ्या गल्लीत सांगितलंय. माझ्या तौसीफच्या इस्तिखाऱ्यात कसं साफ दिसलं, पोरगी कशी वाचली. बला टळली म्हणून सदक्यात काळी कोंबडी दिली. आणि आज शेजारच्या जिनत खालांचा फोन. त्यांच्या अरमानला केजची मुलगी सांगून आलीय. “बेटा, तुझा खरा निघतो म्हणे. आमच्या अरमानसाठी पण एक कर ना.”

“खाला, माझ्याकडून न्हाई होत.”

“असं म्हणू नये. ज्याला दिसतं तो असंच म्हणतो.”

थोड्या वेळानं अम्मी, “जिनत म्हणत होती, पोराला जरासुद्धा घमेंड न्हाई.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बंकटला सांगितलं तर तो पोट धरून हसला. म्हणला, दुकान काढ बे, बोर्ड मी रंगवतो. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. “काय झालं?” म्हणला. मी सांगितलं. सपनाचं. ओळखीचीचं पण.

मग एवढंच म्हणला, “मी नुसती चेष्टा केलती रे, सॅलूटची.”

“तुझ्यामुळं न्हाई झालं.”

“ते माहीत हाय,” म्हणला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमनी केबिनमधी बोलावलं. मला वाटलं एसी. फिल्टर, ब्रश घेऊन गेलो. म्हणल्या, ते खाली ठेव, बस. मी कधी तिथं बसलेलो न्हाई. अर्ध्या खुर्चीवर बसलो.

“तौसीफ, तुझ्या बहिणीनं नकार का कळवला? आम्हाला ती पाहिजे होती.”

तुझ्या बहिणीनं.

मग त्यांनीच सांगितलं. इंटरव्ह्यूच्या शेवटी त्यांनी आपाला विचारलं होतं, तौसीफ तुमचा कोण? तो तर तुम्हाला गावाकडची ओळखीची म्हणला. आपा म्हणे जरा थांबली. मग म्हणली — भाऊ आहे. माझा धाकटा भाऊ. तो लाजाळू आहे, माझं कुठं बिघडू नये म्हणून तसं बोलला असेल. तुमच्या शाळेत एसी, बसेस सगळं तोच बघतो.

“फार अभिमानानं बोलत होती तुझ्याबद्दल,” मॅडम म्हणल्या. “त्याच्यामुळंच मला ती आवडली.”

म्हणजे त्या दिवशी तिला सगळं कळलं होतं. त्याच संध्याकाळी तिनं मला विचारलं, तू तिथं बरा आहेस ना. आणि मग काळ्या पाण्याचं ऐकलं तवा पण तिला कळलं असणार. मला सपनं पडत न्हाईत हे तिच्याइतकं कोणाला माहीत हाय? लहानपणी सकाळी उठल्यावर तीच विचारायची, आज पण न्हाई का रे पडलं? आणि तिचं सपन मला अर्धं द्यायची.

सगळं माहीत असून तिनं “कळवलं” एवढाच मेसेज केला.

मॅडमना विचारलं, अजून जागा हाय का. म्हणल्या, हैदराबादच्या बाई ठरल्या. दोन दिवस झाले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रमजानचा चांद दिसायच्या आत सांगायचं ठरवलं. हे पोटात ठेवून रोजे धरायची हिंमत न्हाई.

अम्मीला सांगितलं, मी नमाज पढलो नव्हतो. सपन पडलं नव्हतं. काळं पाणी बादलीतलं होतं.

अम्मीला आधी कळलंच न्हाई. “म्हणजे सपनात बादली दिसली?”

“न्हाई अम्मी. सपनच न्हाई. मी खोटं बोललो.”

“कावून?”

कावून ते सांगायला पाहिजे होतं. ओळखीची म्हणलो ते. तिथपर्यंत आलो आणि जीभ उचलली न्हाई. म्हणलो, “मला ती हिथं नको होती. मी जे काम करतो ते तिनं बघायला नको होतं.”

फोन अब्बांनी घेतला. अब्बा ओरडले न्हाईत. त्यांनी ओरडायला पाहिजे होतं.

“कसलं काम करतोस रे तू? चोरी करतोस?”

“न्हाई अब्बा.”

“मी तीस वर्षं लोकांच्या जळलेल्या मोटारी चिखलातून उचलतो. तुझ्या आपानं कधी कोणाला सांगितलं का, हा माणूस माझ्या ओळखीचा हाय म्हणून?”

त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी असंच म्हणलं.

“अल्लाच्या नावावर खोटं बोललास, ते तू आणि अल्ला बघा,” अब्बा म्हणले. “मी तुझ्या भरवशावर पोरीला पाठवत होतो. आता ठेव. मोटार बसवायला जायचंय.”

आपाला द्या म्हणलो. ती पेपर तपासतीय म्हणले.

१ मार्च

पहिला रोजा. जिनत खालांना अम्मी स्वतः जाऊन सांगून आली, माझ्या पोराचं खरं नव्हतं. अम्मी कधी कोणाच्या दारात खाली मान घालून गेली न्हाई.

३१ मार्च, सोमवार

ईद. घरी फोन लावला, आपानं उचलला. “ईद मुबारक. शीरखुर्मा केलास का?”

“बंकटनं केला. दूध करपवलं.”

“तू काय घातलंयस?”

“तोच कुर्ता, तू धाडलेला.”

मग मीच “आपा —” म्हणलो.

“राहू दे तौसीफ. सणाचं राहू दे.” आवाजात राग नव्हता. अनोळखी माणसाला पत्ता सांगावा तसा आवाज होता. साफ, नीट.

६ एप्रिल

हैदराबादच्या बाई आल्या. चांगल्या हायेत, मला भाऊ म्हणतात. त्यांच्या वर्गाचा एसी मी आदल्या दिवशीच साफ करून ठेवलता. फळ्यावर त्यांनी पहिली ओळ लिहिली ती दारातून बघितली. आपाचा एकचा आकडा जरा उभा असतो, दांडीसारखा. यांचा वाकडा हाय.

१७ एप्रिल

आपाला रोज एक मेसेज लिहितो आणि पुसतो. माफ कर लिहिलं की वाटतं, हे लई सोपं झालं.

९ मे, शुक्रवार

अम्मीचा फोन. आपाला बहरीनमधल्या शाळेत नोकरी लागली. तिनं स्वतःच शोधली. ऑगस्टमधी जाणार.

“आणि अब्बा हो म्हणले?”

“तेच आधी हो म्हणले. म्हणले, भाऊ होता तिथं पाठवायला निघालो तर भावानंच अडवलं. आता जिथं कोणी न्हाई तिथंच जाऊ दे. या वेळी इस्तिखारा तिनंच केला. मी इचारलं काय दिसलं, तर सांगत न्हाई.”

मी म्हणलो, चांगलं झालं. खरंच वाटलं चांगलं झालं. मग अम्मी म्हणली —

“पण एक गंमत सांगते. तिथल्या बाईनं तिला इचारलं म्हणे, तिकडं गल्फात तुमचं कोणी हाय का? तर ही म्हणली, हाय, मस्कतला एक. गावाकडचा ओळखीचा. मी म्हणलं अगं, सख्खा भाऊ असून असं कावून सांगितलं? तर नुसती खिडकीकडं बघत राहिली. असं कावून म्हणली असंल रे ती?”

मी म्हणलो, बरोबर म्हणली, अम्मी.